दोन डोळ्यांमधलं अंतर

माझा स्वभाव चांगला नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या प्रयोगशाळेतली संशोधक पोरं मला पाठीमागे 'मिरची' म्हणतात, आणि मला ते माहीत नाही असं त्यांना वाटतं. बावीस वर्षं मी एकाच खोलीत, त्याच खिडकीशी बसून कोंबडीची अंडी उघडते आहे. उघडते म्हणजे फोडत नाही. फोडायला काय, कुणीही फोडतं. मोठमोठ्या पदव्यावाल्यांना तर ते फारच छान जमतं.

अंडं आडवं ठेवायचं. सुईनं आतला पांढरा भाग थोडासा ओढून घ्यायचा, म्हणजे बलक खाली बसतो. मग कवचावर चिकटपट्टी लावून वाकड्या कात्रीनं नखाएवढी खिडकी कापायची. आत तिसऱ्या दिवसाचा जीव असतो. एवढासा, पण त्याचं हृदय लाल ठिपक्यासारखं उडत असतं. त्याच्या डोक्याशी, जिथे पुढे चेहरा होणार तिथे, मी चिमट्यानं एक मणी ठेवते. मणी खसखशीहून बारीक आणि द्रवात भिजवलेला. कुठल्या अंड्यात कुठला द्रव, ते मला सांगत नाहीत. खिडकी पट्टीनं बंद करायची आणि अंडं परत उबवणीच्या पेटीत. तीन-चार दिवसांनी बाहेर काढून त्या चेहऱ्याचा फोटो घ्यायचा.

लोकांना वाटतं, गर्भात नाक, डोळे, मेंदू असे सुटे भाग तयार होतात आणि मग ते जोडले जातात. तसं नसतं. सुरुवातीला दोन्ही डोळ्यांसाठी मिळून एकच पट्टा असतो, मधोमध, सलग. त्याच्या खाली बसलेल्या मूठभर पेशी एक निरोप सोडतात. निरोप म्हणजे एक प्रथिन. मध्याशी ते दाट असतं, कडेला विरळ होत जातं, आणि आपल्याला किती मिळालं त्यावरून प्रत्येक पेशी समजते की आपण मधली की बाजूची. मग त्या पट्ट्याचे दोन डोळे होतात, मेंदूचेही पुढचे दोन भाग होतात, आणि तोच मेंदू समोरच्या कातडीला पुढचा निरोप धाडतो की आता नाक घडव, ओठ घडव, इतकंच रुंद कर. पहिला निरोप कमी पडला तर डोळे जवळजवळ येतात. अजिबात मिळाला नाही तर एकच डोळा होतो. म्हणून आमच्याकडे मेंदू कापून बघायच्या आधी चेहरा बघतात. चेहरा बहुतेक वेळा खरं सांगतो.

फोटोंची छाननी माझ्याकडे असते. गठ्ठा घ्यायचा, एकेक फोटो बघायचा, उलटा करून मागे उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं आकडा लिहायचा. शून्य म्हणजे ठीक, चार म्हणजे एक डोळा. आमच्या प्राध्यापक बाईंचा नियम असा की एका फोटोला दहा सेकंदांच्या वर द्यायची नाहीत आणि गठ्ठा मध्येच सोडायचा नाही. "विचार करत बसलीस की तुला जे हवं ते दिसायला लागतं," असं त्यांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. माझे आकडे चुकत नाहीत. मला दुसरं फारसं काही येत नाही, पण एवढं येतं.

माझी धाकटी बहीण माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती, म्हणजे तिच्या वेण्या, तिचा अभ्यास आणि तिच्या उवा हे सगळं मीच निस्तरलं. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकाला समोर बसवून नाकावर पट्टी धरायची आणि दोन बाहुल्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचं, हे तिचं मुख्य काम. आम्ही दोघी लोकांच्या डोळ्यांवर जगतो, असं ती म्हणायची. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. मी त्याला तोंडावरसुद्धा 'लिफ्टवाले' म्हणते आणि तो बिचारा ओ देतो. नऊ वर्षांच्या संसारात तिला तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा तिसऱ्या महिन्याच्या आत सगळं संपलं. चौथ्या वेळी चौथा महिना लागला तेव्हा आम्ही तिघंही एकमेकांशी हळू आवाजात बोलायला लागलो होतो.

त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती प्रयोगशाळेत आली. माझ्यापुढे चौऱ्याऐंशी फोटोंचा गठ्ठा होता, त्यातले पन्नासेक झाले होते.

"ताई, फोटो आणलाय," ती दारातूनच म्हणाली. "आज स्कॅन झाला. सगळं ठीक आहे म्हणाले!"

"बस. हे संपवल्याशिवाय मला उठता येत नाही."

"बाळाचा फोटो आणलाय मी, आणि तुला कोंबड्या पडल्यात!"

"कोंबड्यांनी माझं घर चालतं. बस गप."

ती स्टूल ओढून शेजारी बसली, आणि गप्प बसेल तर ती कसली. हे काय, ते काय, मागे आकडा कशाला. मी हात चालू ठेवून तिला शून्य ते चारचा हिशेब सांगितला. तीनचा एक फोटो पाहून तिनं तोंड फिरवलं आणि म्हणाली, "शी, ताई, तुला रात्री झोप कशी लागते?" मी म्हटलं, छान लागते, आडवी पडते आणि लागते. ती हसली. तिचं ते हसणं मला अजून ऐकू येतं, आणि ऐकू आलं की मी हातातलं काम खाली ठेवते.

गठ्ठा संपत आला तेव्हा तिनं पाकिटातून आपला फोटो काढून टेबलावर ठेवला आणि डबा उघडायच्या आधी हात धुवायला कोपऱ्यातल्या बेसिनकडे गेली. तिचा फोटो आमच्या फोटोंएवढाच होता. तसाच करडा, तसाच चकचकीत कागद. समोरून घेतलेला चेहरा, डोळ्यांच्या जागी दोन काळी वर्तुळं. चौऱ्याऐंशीवा झाल्यावर माझा हात पुढे गेला, त्यानं तो उचलला, मी पाहिलं, उलटा केला आणि मागे उजव्या कोपऱ्यात लिहिलं, ३.

लिहून झाल्यावर मला कळलं की मी काय लिहिलंय.

बेसिनचा नळ अजून चालू होता. मी खोडरबर घेऊन तो आकडा खोडला. इतक्या जोरात की टेबल हललं. ती हात पुसत आली तेव्हा फोटो सुलटा होता आणि मी त्याच्याकडे बघून हसत होते.

"कसंय?" तिनं विचारलं.

"छान आहे," मी म्हटलं. "नाक तुझ्यावर नाही गेलं म्हणजे मिळवलं."

तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला, डब्यातलं अर्धं मला वाढलं आणि फोटो परत पाकिटात ठेवला. मला एकही घास गिळवला नाही. मी तिला सांगितलं, सकाळपासून पित्त झालंय.

त्यानंतर एकोणीस दिवस मी मूग गिळून बसले. त्या एकोणीस दिवसांत मी स्वतःला काय काय सांगितलं, ते ऐकलंत तर मला कुणी प्रयोगशाळेत ठेवणार नाही. कोंबडी वेगळी, माणूस वेगळं. स्कॅनचा फोटो म्हणजे काही चेहरा नव्हे, नुसत्या सावल्या असतात. गर्भ तिरका असेल. यंत्र जुनं असेल. तिथे शिकलेले लोक बसलेत, त्यांनी ठीक म्हटलंय, आणि मी कोण? अंड्यांना खिडक्या पाडणारी बाई. एक शब्द बोलावा आणि तो खोटा निघावा, तर नऊ वर्षांनी आलेलं तिचं सुख मी फुकटच नासवलं असतं. आणि खरा निघाला तर, एवढ्यावर आले की मी उठून भांडी घासायला लागायची. आणखी पाच आठवड्यांनी मोठा स्कॅन होता, तिथे काय ते कळेलच, असं म्हणून मी कारण नसताना पोरांवर ओरडायची. एक पोरगी तर त्या आठवड्यात दोनदा रडली.

पंधराव्या दिवशी धाकटीचा फोन आला. लगेच ये म्हणाली. मी धावत गेले. बघते तर ती दिवाणावर आडवी पडलेली आणि लिफ्टवाले तिच्या पोटाला कान लावून बसलेले.

"हलतंय ताई! आधी वाटलं गॅस असेल. गॅस नाही. ठेव, हात ठेव इथे."

मी हात ठेवला. बराच वेळ काही झालं नाही. मग तळहाताखाली एक टिचकी बसली, आतून.

"कळलं?" ती म्हणाली.

"कळलं," मी म्हटलं. त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. लिफ्टवाले रडत होते, ती हसत होती, आणि मी म्हटलं, चहा टाकते.

पाच आठवडे थांबायची वेळ आली नाही. चार दिवसांनी तिला थोडं दुखलं म्हणून डॉक्टरांनी मोठा स्कॅन आधीच करून घेतला. ती म्हणाली, ताई, तू चल, तुला त्यातलं कळतं. मी गेले. डॉक्टर बाई पडद्याकडे बघत राहिल्या आणि बोलेनाशा झाल्या. मला पडदा दिसत होता. समोर धाकटीचा हात होता, तो मी धरून ठेवला. डॉक्टरांनी यंत्र बाजूला ठेवलं, खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि नीट, सावकाश सांगितलं. मेंदूचा पुढचा भाग दोन भागांत विभागलेला नाही. चेहऱ्याचा मधला भागही घडलेला नाही. बाळ जन्मापर्यंत पोचेल किंवा नाही, पोचलं तर काही तास, फार तर काही दिवस. पुढे न्यायचं की थांबवायचं, ते तुम्ही दोघांनी ठरवा, घाई नाही, पण फार वेळही नाही.

"पण हलतंय हो ते," धाकटी म्हणाली. डॉक्टरांनी फक्त मान हलवली.

घरी आल्यावर ती जेवणाच्या टेबलाशी बसली आणि म्हणाली, "आता तू सांग. ती बाई सांगताना मला नुसते तिचे ओठ हलताना दिसत होते."

मी सांगितलं. पट्टा, निरोप, दोन डोळे, सगळं. बावीस वर्षांत इतकं नीट मी कुणालाच समजावलं नसेल.

"त्याला नाव असेल ना काही? त्या निरोपाला?"

नाव आहे. एका छोट्या काटेरी प्राण्याचं. ते जनुक बिघडलं की माशीच्या अळीच्या अंगावर काट्यांसारखी लव दाटते, म्हणून कुणीतरी मजेनं ठेवलं, आणि पुढे तेच पडलं. मी तिला ते सांगितलं. तिला हसू आलं. "काटेरी प्राणी," ती म्हणाली, "माझं बाळ काटेरी प्राण्यानं..." आणि मग तिचं हसणं कुठे संपलं आणि रडणं कुठे सुरू झालं, मला कळलं नाही. लिफ्टवाले तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"मी काय केलं ताई? मला ताप आला होता, मी गोळी घेतली होती."

"ती तिसऱ्या महिन्यात. हे त्याच्या कितीतरी आधीचं आहे. तू काही केलेलं नाहीस. कधी जनुकात खोट असते, कधी तपासून काहीच सापडत नाही."

"आधीचं म्हणजे कधीचं?"

"गर्भ राहिल्यापासून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातलं."

तिनं बोटांवर आठवडे मोजले. "म्हणजे दिवस गेलेत हे सांगायला मी दुकानातून तुला फोन केला, तेव्हा?"

"तेव्हा होऊन गेलं असणार."

"मी फोनवर नाचत होते," ती म्हणाली. "दुकानात, काउंटरच्या मागे. गिऱ्हाईक बघत होतं." मग बराच वेळ ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत बसली. "ताई, त्या पहिल्या फोटोत तुला काही दिसलं नव्हतं का गं? तू रोज हेच तर बघतेस."

"नाही," मी म्हटलं. "एवढ्याशा फोटोत काय दिसणार."

हे मी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं. तिनं लगेच विश्वास ठेवला. सहा वर्षांची असल्यापासून तिनं माझ्या प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवलेला आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती प्रयोगशाळेत आली. मी अंडी उघडायला घेतली होती. तिनं माझ्या टेबलावरचा दिवा ओढून तिरका केला, पाकिटातून फोटो काढला आणि पालथा ठेवला. कागद पांढरा होता. पण तिरप्या उजेडात उजव्या कोपऱ्यात तीनचा खड्डा दिसत होता. मी पेन्सिल दाबून लिहिते.

"मी दुकानातल्या भिंगाखाली धरला होता," ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "पुढची बाजू बघायला. म्हटलं, आपण दिवसभर लोकांच्या डोळ्यांतलं अंतर मोजतो आणि आपल्याच बाळाचं आपल्याला दिसलं नाही, तर निदान आता तरी मोजावं. स्वतःला शिव्या देत होते मी. मग उलटा केला."

मी चिमटा खाली ठेवला.

"तीन म्हणजे काय, ते तूच मला सांगितलं होतंस."

"हातानं लिहिलं गेलं. मला कळलंसुद्धा नाही."

"खोडताना तर कळलं होतं ना? आणि परवा मी विचारलं तेव्हा?"

"मला वाटलं, थोडे दिवस तरी तू आनंदात राहावंस."

"माझ्या आनंदाची राखण करायला तुला कुणी सांगितलं होतं?" आता तिचा आवाज चढला. काचेपलीकडे प्राध्यापक बाईंनी मान वर केली. "ज्या दिवशी तू हे खोडलंस, त्या दिवशी ते हलत नव्हतं ताई. त्या दिवशी तू सांगितलं असतंस, तर मी पुन्हा तपासून घेतलं असतं. मग कदाचित म्हटलं असतं, थांबवा. कदाचित नसतंही म्हटलं. पण ते मी ठरवलं असतं. आता ते मला सकाळी उठवतं. यांनी शिट्टी वाजवली की लाथ मारतं. आता कसं म्हणू मी, थांबवा? तू सांग, कसं म्हणू?"

तिनं फोटो पाकिटात ठेवला, पाकीट पर्समध्ये ठेवलं आणि निघून गेली. माझ्यापुढचं अंडं खिडकी उघडी असल्यामुळे सुकून गेलं होतं, ते मला टाकून द्यावं लागलं. बावीस वर्षांत माझ्या हातून असं वाया गेलेलं ते पहिलंच.

बाईंनी सगळं ऐकलं होतं. दुपारी मी त्यांना म्हटलं, छाननीचं काम दुसऱ्या कुणाला द्या. त्या म्हणाल्या, "तुझा हात तर चुकला नव्हता."

"नव्हता ना," मी म्हटलं. "म्हणूनच."

त्यांनी गठ्ठा दुसऱ्या टेबलावर नेला आणि पुढे कधी विषय काढला नाही.

धाकटीनं थांबवलं नाही. हे मला लिफ्टवाल्यांकडून कळलं. ते तिच्या नकळत मला फोन करायचे, बहुतेक कुठल्यातरी इमारतीच्या जिन्यातून, कारण आवाज घुमायचा. "ताई, आज जरा बरी आहे." "ताई, आज दुकानात गेली." "ताई, लोक विचारतात कितवा महिना, ती सांगते, हसते पण." ती माझा फोन उचलत नव्हती. मी घरी गेले तर आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची आणि लिफ्टवाले कानकोंडे होऊन माझ्यापुढे पाण्याचा पेला धरायचे. मग मी जाणं बंद केलं. काम सुटल्यावर तिच्या दुकानासमोरच्या फुटपाथवरून मी कधीकधी चालत जायची. काचेतून ती दिसायची. गिऱ्हाइकाच्या नाकावर पट्टी धरून वाकलेली, पोट काउंटरला टेकलेलं. मोजता मोजता मध्येच एक हात पोटावर ठेवायची, मग परत पट्टी धरायची. एकदा तिनं वर पाहिलं आणि आमची नजरानजर झाली. तिनं पट्टी खाली ठेवली नाही की मान फिरवली नाही. गिऱ्हाइकाचं अंतर कागदावर लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं. मी रस्त्यात उभी राहून हमसाहमशी रडले. येणाजाणारे वळून बघत होते. बघेनात का.

साडेचार महिने असे गेले. मग एका सकाळी लिफ्टवाल्यांचा फोन आला, आणि त्यांचा आवाज घुमत नव्हता.

"मुलगी आहे ताई. दहा वाजता झाली. श्वास घेतेय. ती म्हणतेय, तुम्हाला बोलवा."

"कोण म्हणतेय?" मी मूर्खासारखं विचारलं.

"तीच. तुमची धाकटी."

दवाखान्यात त्यांना कोपऱ्यातली वेगळी खोली दिली होती. यंत्रं नव्हती, नळ्या नव्हत्या, ते त्या दोघांनी आधीच ठरवलं होतं. खिडकीतून भरपूर ऊन येत होतं. लिफ्टवाले खिडकीशी उभे होते. धाकटी उशांना टेकून बसली होती आणि पांढऱ्या दुपट्यातलं बाळ तिच्या छातीवर होतं. तिनं माझ्याकडे न बघता म्हटलं, "बस."

मी बसले आणि पाहिलं. आकडा आला. खोटं कशाला बोलू, बावीस वर्षांची सवय ती. पण तो येऊन गेला आणि मुलगी तिथेच होती. डोळे एकमेकांना लागून, मिटलेले. नाकाच्या जागी एकच बारीकसं भोक. ती तोंडानं श्वास घेत होती, मध्येच थांबत होती, परत घेत होती. कपाळावर काळी लव होती. एक हात दुपट्यातून बाहेर आला होता, आणि त्याची पाचही बोटं धाकटीच्या गाऊनचं बटण धरून होती.

"ताई," धाकटी म्हणाली, "हिला ऐकू येतं?"

साडेचार महिन्यांनी तिनं मला हे विचारलं. 'हो' माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. किती सोपं होतं ते म्हणणं. तिला बरं वाटलं असतं, आणि खरंखोटं तपासायला कुणाकडे वेळ होता?

"कान वेगळ्या ठिकाणी तयार होतात," मी म्हटलं. "मागच्या बाजूला. ते नीट झालेत. मेंदूचा मागचा भागही काम करतोय, म्हणून तर ती श्वास घेतेय. आवाज आत पोचत असणार. पण तो तिला कळतो का, ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी काही खोडतेय का, ते बघत असावी.

"म्हणजे कळत नाही असंही नक्की नाही."

"नाही. तसंही नक्की नाही."

"चालेल," ती म्हणाली.

मग ती मुलीशी बोलायला लागली. रोजच्या आवाजात, गिऱ्हाइकाशी बोलते तसं स्वच्छ, शब्द न खाता. "ते खिडकीशी उभे आहेत ना, ते बाबा. शिट्टी तेच वाजवायचे. आत्ता रडतायत, पण एरवी असे नाहीत, एरवी फार बडबड करतात. ते लोकांना वरच्या मजल्यावर नेतात. आणि मी चष्मे देते. तुला हिरव्या काड्यांचा दिला असता." ती थांबली, मुलीचा श्वास सुरू होईपर्यंत थांबली, आणि पुढे बोलली. "आणि ही तुझी मावशी. हिनंच मला वाढवलं. हिनं तुला माझ्याही आधी नीट पाहिलं होतं आणि मला सांगितलं नाही. मी हिच्यावर रागावले आहे. अजून बरीच वर्षं रागावणार आहे. तू नको रागावूस हं. तुला तेवढा वेळ नाही."

लिफ्टवाल्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

"घे," धाकटी म्हणाली. तिनं बटणावरची बोटं एकेक करून सोडवली आणि मुलीला माझ्या हातांत दिलं. "मोठ्यानं बोल तिच्याशी. मनातल्या मनात नको."

मी बोलले. तिला सांगितलं, तुझी आई लहानपणी माझ्या कुशीत झोपायची आणि लाथा मारायची. तिच्या उवांबद्दल सांगितलं. तिला पाढे येत नसत, विशेषतः सातचा, तेही सांगितलं. धाकटी डोळे मिटून ऐकत होती. एकदा म्हणाली, "आठचा. सातचा येत होता." लिफ्टवाले डॉक्टरांना बघून येतो म्हणून बाहेर गेले. ऊन पलंगावरून सरकून जमिनीवर आलं. मुलीचं वजन जेमतेम दोन किलो असेल, पण माझे दंड भरून आले होते. तिचे श्वास लांब लांब पडायला लागले. दोन श्वासांमध्ये मी बोलायची थांबत होते आणि नवा आला की पुढे सांगत होते.

तीन वाजून दहा मिनिटांनी मी थांबले आणि नवा श्वास आला नाही. मी वाट पाहिली. तिच्या छातीवर दोन बोटं ठेवून पाहिलं. धाकटीकडे पाहिलं तर तिला डोळा लागला होता. रात्रभर जागलेली, तोंड किंचित उघडं, एक हात माझ्याकडे पसरलेला. पाच मिनिटं झोपू द्यावं, असं माझ्या मनात आलं.

मी तिच्या खांद्याला हात लावून तिला उठवलं आणि सांगितलं.